उभं कुठं राहायचं

बाईंनी आधी आमच्या पायांकडं पाहिलं. नमस्कार-चमत्कार नंतर. लिस्बनमध्ये नदीकाठच्या मोठ्या चौकात, घोड्यावरच्या राजा जुझेच्या पुतळ्याखाली, सकाळी नऊला भेटायचं ठरलं होतं. बाबांनी हौसेनं पॉलिश केलेले काळे बूट घातले होते, कातडी तळव्याचे, लग्नाला घालतात तसले. बाई काही बोलल्या नाहीत. पिशवीतून घडीचा नकाशा काढला, पेन्सिलीनं आखलेली एक रेघ बोटानं पुसली, दुसरी ओढली आणि म्हणाल्या, “चला.”

चार वर्षांपूर्वी आम्ही एका प्रवासी कंपनीबरोबर युरोप ‘केला’ होता. बारा दिवसांत सहा देश. त्यातलं आता नीट आठवतं ते बसच्या सीट कव्हरवरचं फुलांचं डिझाइन आणि गाइडनं उंच धरलेली छत्री. छत्रीखाली कोण होतं ते आठवत नाही. म्हणून यंदा एकच शहर घेतलं, आणि त्यातली एक सकाळ फक्त आम्हा दोघांसाठी ठरवलेल्या गाइडबरोबर, पायी. पैसे किती मोजले ते बाबांना अजून सांगितलेलं नाही.

बाई पन्नाशीच्या. चालताना त्या इतिहास सांगत नाहीत, हे पहिल्या दहा मिनिटांत लक्षात आलं. चालताना घरभाडी, हवा, मुलाची परीक्षा. इतिहास उभं राहून. आणि उभं कुठं राहायचं हे त्यांचं पक्कं, फूटभर इकडं-तिकडं चालायचं नाही. चौकात त्यांनी आम्हाला नदीकडं पाठ करून उभं केलं आणि स्वतः ऊन तोंडावर घेतलं. मला वाटलं, सहज झालं असेल. पुढच्या थांब्यावर तेच, त्याच्या पुढच्यावरही तेच. ऊन गाइडच्या डोळ्यांत, पाहुण्यांच्या पाठीवर. जवळ भिंत असली तर तिचा आडोसा धरतात, म्हणजे आवाज फुकट जात नाही. २८ नंबरची ट्राम वळणावर दिसली की वाक्य मध्येच सोडून देतात, ट्राम खडखडत गेली की त्याच शब्दापासून पुन्हा उचलतात. निघण्याआधी त्यांनी नदीवर एक नजर टाकली होती. दोन मोठ्या क्रूझ बोटी धक्क्याला लागलेल्या. बोटीची माणसं सकाळी आल्फामा या जुन्या वस्तीच्या गल्ल्यांत शिरतात आणि जेवायला परततात, म्हणून आल्फामा शेवटी.

चौकाच्या तीन बाजूंना कमानींची रांग, पिवळ्या भिंती, समोर विजयकमान. तिच्यावर इतरांबरोबर वास्को द गामा आणि मार्केस द पोंबाल. कागदोपत्री हा ‘व्यापार चौक’. पण लिस्बनकर अजून ‘तेरेइरु दु पासु’ म्हणतात, म्हणजे वाड्यापुढचं अंगण.

“वाडा कुठाय मग?” बाबांनी विचारलं.

“तो नंतर दाखवते,” बाई म्हणाल्या. हातातल्या फोल्डरमध्ये प्लास्टिकमध्ये घातलेली, कोपरे झिजलेली चित्रं होती. एकही बाहेर काढलं नाही.

कमानीखालून आम्ही बाइशात, म्हणजे खालच्या शहरात, शिरलो. सरळसोट गल्ल्या, सारख्या उंचीच्या इमारती, आणि गल्ल्यांची नावं धंद्यांवरून: सोन्याची, चांदीची, चांभारांची, कापडवाल्यांची. पुण्यात तांबट आळी, बुरूड आळी आहे तसं. इथं मात्र सगळं एका दमात, फूटपट्टीनं आखलेलं. एका कोपऱ्यावर बाई थांबल्या, घड्याळाकडं पाहिलं आणि म्हणाल्या, “हीच वेळ.” नऊ चाळीस झाले होते. १ नोव्हेंबर १७५५, शनिवार, सर्व संतांचा सण. साधारण याच वेळी जमीन हलली. चर्च भरलेली, सणाचे दिवे-मेणबत्त्या पेटलेल्या. छपरं कोसळली त्यांखाली त्याच मेणबत्त्या. जी माणसं वाचली ती मोकळ्या जागेच्या ओढीनं नदीकाठी धावली, आम्ही मघाशी उभे होतो तिथंच. पाणी आधी मागं सरलं, तळ उघडा पडला, मग लाटा आल्या. आग त्यानंतर कित्येक दिवस जळत होती.

नऊची वेळ का दिली होती, ते तेव्हा कळलं. चौकातली ती चाळीस मिनिटं, घरभाडी आणि मुलाची परीक्षासुद्धा, मोजून घेतलेली होती.

पुढं शहर पुन्हा उभारून घेणाऱ्या मंत्री पोंबालचं कर्तृत्व, राजा जुझेनं धसका घेऊन दगडी घरात राहणं सोडलं ते, असं काहीतरी येणार होतं. बाबांनी मध्येच विचारलं, “पुन्हा बांधताना भिंती कशाच्या केल्या?”

हा प्रश्न उगाच नव्हता. १९९३ साली बाबा सार्वजनिक बांधकाम खात्यात कनिष्ठ अभियंता होते. किल्लारीला ३० सप्टेंबरच्या पहाटे, गणपती विसर्जन करून गावं झोपलेली असताना भूकंप झाला आणि पुढची काही वर्षं बाबांनी तिकडच्या भिंती मोजण्यात घालवली. घरी त्याबद्दल ते फार बोलत नाहीत. बोललेच तर भिंतींबद्दल: दोन-अडीच फूट जाडीच्या, मातीत रचलेल्या गोल दगडांच्या, आतला आणि बाहेरचा थर एकमेकांना न बांधलेल्या. कित्येक घरांत लाकडी खण जागेवर उभे राहिले आणि भिंती माणसांवर आल्या.

मी हे बाईंना इंग्रजीत सांगितलं. त्या थोडा वेळ गप्प झाल्या. मग नकाशा पुन्हा निघाला. कार्मुच्या मठाचं छप्पर नसलेलं चर्च, जे लिस्बनला आलेला प्रत्येक जण पाहतो, त्याच्यावर त्यांनी काट मारली आणि एक फोन केला.

आधी नेलं ओळखीच्या एका दुकानात. गल्ल्यामागच्या भिंतीचा गिलावा मुद्दाम काढून आतलं लाकूड उघडं ठेवलेलं. उभे वासे, आडवे वासे, आणि प्रत्येक चौकटीत तिरपी कैची. मधली जागा दगड-विटांच्या तुकड्यांनी आणि चुन्यानं भरलेली. याला ‘गायोला’ म्हणतात, म्हणजे पिंजरा. मानुएल द माया, एउजेनियु दुश सांतुश, कार्लुश मार्देल ही त्या पुनर्बांधणीतली मोठी नावं. सगळ्या इमारतीला आतून हा पिंजरा. दगडी दर्शनी भिंत पडली तर पडो, मजले लाकडावर तोलून राहावेत. दोन घरांमध्ये छपराच्याही वर जाणारी भिंत, आग पलीकडं जाऊ नये म्हणून. लाकडाचा नमुना उभा करून त्याभोवती सैनिकांना पाय आपटत कवायत करायला लावली, अशी गोष्ट सांगतात. बाबा मोठ्यानं हसले. “लोड टेस्ट!” म्हणाले. मग कैचीच्या सांध्यावर बोट फिरवत बराच वेळ उभे राहिले. किल्लारीनंतर जुनी घरं मजबूत करताना खांब आणि तुळई यांच्या कोनात तिरपे तुकडे ठोकायला ते गावोगाव सांगत हिंडले होते. दुकानदार गिऱ्हाईक सोडून आमच्याकडं बघत होता.

फोन होता एका बँकेला. कुरेइरुश गल्लीतल्या बँकेच्या इमारतीखाली खोदकामात रोमन काळातल्या मासे खारवायच्या टाक्या सापडल्या. बँकेनं त्या तळघरात जपून ठेवल्यात आणि वेळ ठरवून फुकट दाखवतात. तिथं बोलायला त्यांचा स्वतःचा माणूस असतो. बाई मागं सरकल्या आणि अर्धा तास एक शब्द बोलल्या नाहीत. आपली बोलण्याची जागा अशी सोडून देणारे गाइड मी पाहिले नव्हते. टाक्या बघण्यासारख्या आहेतच, पण बाबांची नजर खाली गेली ती पाइनच्या खुंट्यांवर. बाइशाची जमीन दलदलीची; पुनर्बांधणीत पायाखाली असे लाकडी खुंट ठोकले. भूजलात बुडालेले असेपर्यंत ते कुजत नाहीत. पाण्याची पातळी खाली गेली आणि हवा लागली की मात्र कुजायला लागतात. म्हणजे या इमारतींना पाण्यातच ठेवावं लागतं. “आमच्याकडं उलटं,” बाबा मला मराठीत म्हणाले, “पाणी लागलं की बोंब.”

तिथून सांव दुमिंगुशचं चर्च. इथं बाईंनी बाहेरच दोन वाक्यांत सांगून टाकलं आणि आत आम्हाला एकटं सोडलं. १९५९ साली आतून जळालं. १९९४ला उघडलं तेव्हा खांबांचे तडकलेले, आगीनं सोललेले दगड तसेच ठेवले. आत जळक्या दगडाचा गेरू रंग आणि मेणाचा वास. बाहेरच्या चौकात एक लहानसं स्मारक आहे, १५०६ सालच्या कत्तलीचं. सक्तीनं ख्रिस्ती केलेल्या ज्यूंना जमावानं हजारोंनी मारलं, आणि सुरुवात झाली ती याच चर्चपासून. अशाच एका बाटवलेल्या ज्यू घराण्यातला गार्सिया द ओर्ता लिस्बनच्या विद्यापीठात शिकवायचा. १५३४ साली तो जहाजात बसला आणि गोव्याला आला. हिंदुस्थानातल्या औषधी वनस्पतींवरचं त्याचं पुस्तक १५६३ साली गोव्यातच छापलं गेलं. तो मेल्यावर बारा वर्षांनी गोव्याच्या इन्क्विझिशननं त्याची हाडं उकरून जाळली. हे मला माहीत होतं, बाईंना नव्हतं. त्यांनी लिहून घेतलं.

शेजारी १८४० पासूनचं एक बोळकांडीएवढं दुकान आहे, आंबट चेरीची दारू विकणारं. “फळासकट की फळाशिवाय?” एवढाच प्रश्न विचारतात. बाबांनी तीर्थ घेतल्यासारखी घेतली, वर डोक्यावरून हात फिरवायचा तेवढा बाकी ठेवला.

आता टेकडी चढायची होती, आणि नकाशावरच्या पुसलेल्या रेघेचा उलगडा झाला. लिस्बनचे फुटपाथ म्हणजे हातानं फोडून बसवलेले पांढऱ्या-काळ्या दगडांचे चौकोनी तुकडे. दिसायला रांगोळी, पण लोकांच्या पायांनी घासून घासून लादीसारखे गुळगुळीत झालेले, त्यात उतार. कोपऱ्यावर एक कारागीर बुटक्या स्टुलावर बसून तळहातावर दगड धरून हातोडीनं कोर काढत होता. बाबा त्याच्याकडं बघत राहिले आणि पाय सटकला. पडले नाहीत, कारण बाईंचा हात त्यांच्या कोपराखाली आधीच होता. कधी गेला, मलाही दिसलं नाही. पायऱ्यांच्या वाटेनं बाई आम्हाला नेणारच नव्हत्या. कापडवाल्यांच्या गल्लीत एका साध्या इमारतीचं दार ढकललं. आत नगरपालिकेची लिफ्ट, फुकट. वर बाहेर पडलं की दुसरी गल्ली. ती ओलांडली की एका सुपरमार्केटशेजारी दुसरी लिफ्ट. दूध-पावाच्या पिशव्या घेतलेल्या दोन आजीबाईंबरोबर आम्ही किल्ल्याच्या टेकडीवर पोचलो. त्यांतली एक दुसरीला काही सांगत होती, त्यातला ‘बटाटा’ बाबांना ऐकू आला. “हा आपला,” ते म्हणाले. पिशवीतला पाव बघून मी म्हटलं, “बटाटा शब्द त्यांचाच, आणि पावसुद्धा.”

सांता लुझियाच्या चर्चच्या बाहेरच्या भिंतीवर निळ्या-पांढऱ्या टाइल्सचं मोठं चित्र आहे. बाईंनी आम्हाला आधी समोरच्या सज्जाकडं तोंड करून नदी पाहायला लावली, मग म्हणाल्या, “आता वळा.” चित्रात तोच चौक. तीच नदी, होड्या, माणसं. आणि डाव्या हाताला वाडा, १७५५ पूर्वीचा. हिंदुस्थानातून आलेल्या मिरीचा हिशेब ठेवण्याचं कचेरीचं काम चालायचं ते त्याच परिसरात. सकाळी पिवळ्या भिंतींसमोर उभं राहून जो मोकळेपणा पाहिला, तो कशाच्या जागेवर होता ते तीन तासांनी कळलं. हेच चित्र फोल्डरमधून पहिल्या मिनिटाला दाखवलं असतं तर मी “हं” म्हणून पुढं सरकले असते.

आल्फामा उतरलो ते बाईंच्या चालीनं, म्हणजे दर पन्नास पावलांना थांबत. नाव अरबी, गरम झऱ्यांवरून पडलेलं. बोटीची माणसं खरंच जेवायला गेली होती. दोऱ्यांवर वाळत घातलेले कपडे आणि कुठंतरी भाजले जाणारे सार्डिन.

शेवटचा थांबा काझा दुश बिकुश. दर्शनी भिंतीत हिऱ्यासारख्या टोकांचे दगड बसवलेलं घर. १५२३ साली ते बांधलं ब्राश द आल्बुकेर्कनं; त्याच्या बापानं, अफोन्सोनं, १५१० साली गोवा घेतला होता. वरचे दोन मजले भूकंपात गेले, ते १९८०च्या दशकात पुन्हा चढवले. आता तिथं जुझे सारामागु या कादंबरीकाराच्या नावाची संस्था आहे आणि समोरच्या ऑलिव्हच्या झाडाखाली त्याची रक्षा. बाईंनी सारामागुबद्दल सुरुवात केली. बाबांनी मात्र मला हळूच म्हटलं, “त्यांना हापूसचं सांग.” मी सांगितलं, की आमच्याकडच्या सगळ्यांत महाग आंब्याचं नाव याच अफोन्सोवरून पडलं असं म्हणतात. “अफोन्सो, आफूस, हापूस,” बाबांनी बोटं मोजत उच्चार करून दाखवला. बाईंनी तोही लिहून घेतला. ‘किल्लारी’सुद्धा, स्पेलिंग विचारून.

ठरले होते तीन तास, झाले साडेचार. जादा पैसे त्यांनी घेतले नाहीत; बाबांनी बळेच कॉफी पाजली.

लिस्बनला जाणार असाल तर रबरी तळव्याचे बूट न्या आणि सकाळी नऊची वेळ घ्या. आणि गाइडनं नकाशा काढायच्या आत, आपण पोटापाण्यासाठी काय करतो ते त्यांना सांगून टाका.