रायगडच्या किनाऱ्यावरील बालस्थौल्य : काही निरीक्षणे

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या एकविसाव्या अध्यायात आठ निंदित पुरुष सांगताना अतिस्थूल आणि अतिकृश या दोघांचा सविस्तर विचार शेजारी शेजारी केला आहे. रायगडच्या किनाऱ्यावर व्यवसाय करणाऱ्या आम्हां वैद्यांना हा शेजार नित्य पाहावयास मिळतो. कातकरी वाडीवरील कृश बालक आणि बाजारपेठेतील स्थूल बालक एकाच सकाळी चिकित्सालयात येतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील अतिवजनी बालकांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये १.९ टक्के होते, ते २०१९-२१ मध्ये ४.१ टक्के झाले. कमी वजनाची बालके मात्र दोन्ही वेळा ३६ टक्क्यांच्या आसपासच राहिली.

पनवेल-खारघरच्या सदनिकेतील मूल स्थूल आणि गावातील मूल सडपातळ, ही समजूत आता धरून बसता येत नाही. अलिबाग, नागाव, मुरुड, श्रीवर्धन येथे शाळेची पायवाट मिनिडोर आणि दुचाकीने संपविली. नारळी-पोफळीच्या कित्येक वाड्यांत पर्यटकांसाठी खोल्या उभ्या राहिल्या, आणि शनिवार-रविवारी घरची मोठी माणसे पाहुण्यांच्या सरबराईत गुंतली की मूल भ्रमणध्वनीच्या स्वाधीन होते. सकाळी चहा-बिस्किटे, मधल्या सुटीत पाच-दहा रुपयांची वेफर्सची पुडी, सायंकाळी नूडल्स आणि ते पचण्यापूर्वीच रात्रीचा भात! अध्यशन, अव्यायाम आणि दिवास्वाप ही शास्त्रोक्त हेतुमालिका याहून स्पष्ट कोठे दिसावी? बीजस्वभाव हाही हेतू चरकांनी सांगितला आहे, म्हणून माता-पित्यांच्या प्रकृतीची विचारणा टाळू नये.

"त्याला भूकच फार लागते हो, वैद्य," ही मातेची तक्रार खोटी नसते. मेदाने स्रोतसे अवरुद्ध झाली की वायू कोष्ठात संचार करून अग्नीस प्रदीप्त करतो, आणि खाल्लेले लवकर जिरून पुन्हा खावेसे वाटते. अशा बालकास हावरट म्हणून हिणविणे हे अज्ञान होय. दुसरीकडे आजीला मात्र नातू गुटगुटीतच हवा असतो! या एका शब्दाने आमच्या पथ्योपदेशाला जितका विरोध केला आहे तितका कोणत्याही जाहिरातीने केला नसेल.

चिकित्सेबाबत आमचे मत स्पष्ट आहे. वाढत्या वयात उपवास, तीव्र शोधन किंवा लेखन द्रव्यांचा दीर्घ प्रयोग करू नये. पालक "वजन उतरविणारे औषध" मागतात म्हणून गुग्गुळकल्प हाती देणे तर सर्वथा अनुचित. गुरु परंतु अपतर्पण करणारा आहार हे चरकांचे सूत्र बालकास विशेष उपयुक्त आहे, कारण त्यात पोट भरते आणि मेद पोसला जात नाही. त्या यादीतील कुळीथ, मूग, तूर आणि आमलकी आपल्याकडे सहज मिळतात. कुळथाचे पिठले कोकणी घरास शिकवावे लागत नाही, फक्त पुन्हा आठवण करून द्यावी लागते. नाचणीचे नाव त्या यादीत नाही, तरी भाकरी वा आंबील या रूपाने ती आम्ही योजतो. ताज्या मासळीचे बेताच्या तेलातील कालवण बंद करण्याचे कारण नाही. बंद करावयाची ती पुडी आणि शीतपेये.

शाळेच्या आवाराभोवती ५० मीटरपर्यंत अतिमेद, अतिशर्करा व अतिलवणयुक्त पदार्थांची विक्री २०२० च्या अन्नसुरक्षा विनियमांनी निषिद्ध केली आहे. फाटकासमोरच्या टपरीपर्यंत हा नियम पोहोचविण्यासाठी स्थानिक वैद्याने मुख्याध्यापकांची भेट घ्यावी. पालकसभेत आपल्या शब्दाला अजून मान आहे.

चिकित्सालयात दर तीन महिन्यांनी उंची व वजन नोंदवावे आणि पाच वर्षांवरील मुलांसाठी भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचे २०१५ चे तक्ते वापरावेत. वजन स्थिर राहून उंची वाढत असेल तर बहुतेक बालकांत तेवढे यश पुरेसे मानावे. उंची खुंटून वजन वाढत असल्यास, अथवा मानेवरील त्वचा काळवंडून जाड झाली असल्यास, पथ्यावर विसंबून न राहता थायरॉइड व रक्तशर्करेची तपासणी करवून बालरोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.