डेल्फ्टच्या कापडवाल्याचे दात

पोरांनो, हॉलंडमध्ये डेल्फ्ट नावाचं गाव आहे. तिथे साडेतीनशे वर्षांपूर्वी आंतोनी व्हान लेव्हेनहुक नावाचा कापडाचा व्यापारी राहत होता. धंदा सांभाळून तो स्वतःच्या हातांनी इवलीशी भिंगं घासायचा. अशी भिंगं, की वस्तू दोनशे पटींहून मोठी दिसावी. फार शिकलेला नव्हता, विद्वानांची लॅटिन त्याला येत नव्हती. जे दिसेल ते आपल्या डच बोलीत लिहायचं आणि लंडनच्या रॉयल सोसायटीला पाठवायचं, हा त्याचा नेम.

1683 साल. इकडे आपले संभाजी महाराज पोर्तुगिजांशी लढत होते, आणि तिकडे हा पन्नाशीचा गृहस्थ आपले दात तपासत बसला होता. तो रोज मिठाने दात घासायचा, काडीने दाढा कोरायचा, फडक्याने पुसायचा. तरी फटींत थोडा दाट पांढरा थर राहिलाच. तो त्याने खरवडला, पावसाच्या स्वच्छ पाण्यात कालवला आणि भिंगाखाली धरला. तर काय, आत जिवंत प्राणी! काही सुसाट सरळ जाणारे, काही गरगर फिरणारे. जन्मात दात न घासलेल्या एका म्हाताऱ्याच्या तोंडातला थर पाहिला, तर त्यात झुंबडच उडालेली. लेव्हेनहुकने लिहून टाकलं, की आमच्या सगळ्या देशात जेवढी माणसं नाहीत त्याहून जास्त जीव आज माझ्या तोंडात आहेत. जंतू पाहणारी पहिली माणसं मोजायची, तर हा त्यांत सगळ्यांत पुढे.

पण मला त्याची सगळ्यांत आवडते ती पुढची गोष्ट. त्याने व्हिनेगर घेतलं. थर खरवडून व्हिनेगरमध्ये कालवला, की जीव पटकन मरत. तेच व्हिनेगर तोंडात घेऊन चूळ भरली, तर थराच्या वरवरचे तेवढे मेले. आतले खुशाल जिवंत! हिरड्यांच्या आजाराची अर्धी गुरुकिल्ली या एका निरीक्षणात आहे. विहिरीच्या पायऱ्यांवर बुळबुळीत थर धरतो ना, त्यावर कितीही पाणी ओता, तो निघतो का? काथ्याने घासावाच लागतो. दातावरचे जंतूही तसेच चिकट थर करून, एकमेकांना धरून राहतात. शेकडो जातींचे जंतू त्यात नांदतात. म्हणून नुसत्या माउथवॉशच्या गुळण्यांनी भागत नाही. ब्रश हवा, आणि ब्रशचे केस शिरत नाहीत त्या फटींसाठी फ्लॉसचा धागा किंवा बारीक इंटरडेंटल ब्रश हवा.

आता हिरडीकडे या. दात आणि हिरडी यांच्यामध्ये एक अरुंद खाच असते, निरोगी माणसात एक ते तीन मिलिमीटर खोल. रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्या खाचेत सतत उतरत असतात, आत्ता तुम्ही ऐकताय तेव्हाही. थर साचू लागला की त्यांची गर्दी वाढते, रक्तवाहिन्या फुगतात, हिरडी लाल होते, सुजते, आणि ब्रश लागला की रक्त येतं. दुखत मात्र नाही. इथेच माणूस फसतो. रक्त दिसलं की घाबरून तिथे ब्रश फिरवायचंच सोडतो. खरं तर तिथेच मऊ ब्रश तिरका धरून, हलक्या हाताने, जास्त मनापासून फिरवायचा असतो.

थराने हिरडी सुजते आणि घासल्याने बरी होते, हे सिद्ध केलं डेन्मार्कमधल्या आरहूस गावी, हाराल्ड ल्यो नावाच्या दंतवैद्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी. निरोगी हिरड्यांची 12 माणसं घेतली. बहुतेक दंतवैद्यकीचेच विद्यार्थी. त्यांना सांगितलं, दात घासणं बंद. कुणाच्या हिरड्या दहा दिवसांत सुजल्या, कुणाच्या तीन आठवड्यांत, पण सुजल्या सगळ्यांच्याच. मग पुन्हा घासायला लावलं, आणि साधारण आठवडाभरात त्या पूर्ववत झाल्या! 1965 मध्ये हे छापून आलं. हिरडी इतक्या लवकर माफ करते, हे मला आजही नवलाचं वाटतं.

पण थर तसाच राहिला तर लाळेतलं कॅल्शियम त्यात उतरतं आणि त्याचं कीटण होतं, दगडाइतकं टणक. खालच्या पुढच्या दातांमागे जीभ फिरवून बघा. जिभेखालच्या लाळग्रंथी तिथेच उघडतात, म्हणून तिथे ते आधी धरतं. जर्मनीतल्या डालहाइम इथे मठाच्या दफनभूमीत एका मध्ययुगीन बाईच्या दातांवरच्या कीटणात निळे कण सापडले. ते निघाले लाजवर्द, अफगाणिस्तानातून येणारा महागडा रंग. पोथ्या रंगवताना ती बहुधा कुंचल्याचं टोक ओठांत धरायची! जवळजवळ हजार वर्षं तो निळा रंग तिथे टिकला. कीटण ब्रशने का निघत नाही, ते आता कळलं ना?

कीटणाच्या खरखरीत पाठीवर नवा थर धरतो, खाच खोल होत जाते. मग पांढऱ्या पेशी जंतूंशी झुंजताना जी रसायनं सोडतात त्यांनी आपलंच हाड झिजू लागतं. दात हाडात पक्का रुतलेला नसतो, बरं का. बारीक तंतूंनी तो तोलून धरलेला असतो. भातातला बारीक खडा दाताखाली आला की क्षणात कळतो, तो या तंतूंमुळे. ते तंतू आणि हाड गेलं की दात हलतो. हाच तो पायोरिया. गेलेलं हाड आपोआप परत येत नाही. उरलेलं मात्र वाचवता येतं. दंतवैद्य मिलिमीटरच्या खुणा असलेल्या सळईने खाच मोजतात, हिरडीच्या वरचं आणि आतलं कीटण काढतात, दाताचं मूळ साफ करतात. तरीही खाच फार खोल राहिली तर हिरडी थोडी उघडून आतून स्वच्छ करतात. पुढे दर काही महिन्यांनी दाखवायला जावं लागतं.

तुमची आजी म्हणते, दात साफ करून घेतले की हलायला लागतात. तिच्या मैत्रिणीला तसं वाटलं, ते खोटं नाही. सूज उतरली, फटींत भरलेलं कीटण गेलं, आणि हाड किती झिजलंय ते उघडं पडलं. ते झिजवलं होतं कीटणाने, दंतवैद्याने नव्हे. शिवाय ती मैत्रीण मिश्री लावायची. तंबाखूचं विष असं, की हिरड्या आतून बिघडतात आणि रक्त मात्र कमी येतं, त्यामुळे सूचनाच मिळत नाही.

आजीला मधुमेह आहे. साखर वाढली की हिरड्या बिघडतात, आणि हिरड्या बिघडल्या की साखर आवरत नाही. हिरड्यांवर उपचार केले की साखरेलाही थोडा उतार पडतो. म्हणून या शनिवारी तिला दंतवैद्यांकडे न्यायचंय. साखरेच्या रिपोर्टांची फाईल कपाटात वरच्या खणात आहे, ती आठवणीने बरोबर घ्या. आणि रिक्षात कुणीतरी तिच्या शेजारी बसा, ती घाबरलीय.