दैनंदिन आहारातील हळद : गुण आणि मर्यादा

महाराष्ट्रीय स्वयंपाकात हळद रंग, स्वाद व आरोग्य या तिन्ही हेतूंनी वापरली जाते. तिच्या पिवळेपणास कारणीभूत असणारे करक्युमिन हळदीच्या पुडीत साधारणतः ३ टक्के असते. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, स्निग्ध पदार्थात विरघळते. म्हणून फोडणीत हळद घालण्याची रीत सयुक्तिक ठरते. मिऱ्यातील पिपरिनमुळे करक्युमिनचे शोषण अनेक पटींनी वाढते, असे बंगळुरू येथील संशोधकांनी १९९८ मध्ये दाखविले. तथापि त्या प्रयोगात २ ग्रॅम करक्युमिन दिले होते. चिमूटभर हळदीतून काही मिलिग्रॅमच मिळते. सबब हळद हा आहार होय, उपचार नव्हे. भडक रंगासाठी केली जाणारी लेड क्रोमेटची भेसळ बालकांच्या मेंदूस घातक असते. म्हणून पॉलिश न केलेली हळकुंडे दळून वापरणे इष्ट.