टीडीएस मीटर जे सांगत नाही: उपनगरातल्या जड पाण्याबद्दल

पुण्याच्या पेठांमधून वाघोलीला राहायला गेलेल्या माणसाची पहिली तक्रार ट्रॅफिकची असते आणि दुसरी पाण्याची. नळाच्या तोंडाशी पांढरा थर, शॉवरची भोकं बुजलेली, साबणाला फेस नाही, आणि कुकरच्या पाच शिट्ट्या झाल्या तरी तुरीची डाळ अख्खीच. मग सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी पेनासारख्या टीडीएस मीटरचा फोटो टाकतं. आकडा असतो ६००. तिथून पुढे सॉफ्टनर, आरओ आणि 'मॅग्नेटिक कंडिशनर'ची कोटेशनं सुरू होतात.

अडचण अशी की त्या मीटरने पाण्याचा जडपणा मोजलेलाच नसतो. पण त्या एका आकड्यावर सोसायट्या मोठे खर्च ठरवतात. म्हणून आज थोडं रसायनशास्त्र.

एकाच शहरात दोन पाणी

जुन्या पुण्याला खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर या धरणांचं पाणी मिळतं. सह्याद्रीवर पडलेला पाऊस बराचसा जमिनीवरून वाहत धरणात येतो. खडकाशी त्याचा संबंध थोडा वेळच येतो, म्हणून ते हलकं असतं.

वाघोली २०२१ मध्ये महापालिकेत आली, पण हद्द वाढली म्हणून जलवाहिनी लगेच येत नाही. बऱ्याच सोसायट्या बोअर आणि टँकरवर चालतात, आणि टँकरही बहुतेक वेळा कुठल्या तरी विहिरीवर किंवा बोअरवरच भरलेला असतो. हे पाणी बेसाल्टच्या, म्हणजे आपल्या काळ्या कातळाच्या भेगांमध्ये वर्षानुवर्षं मुरलेलं असतं. मातीतून झिरपताना पाण्यात कार्बन डायऑक्साइड विरघळतो, पाणी किंचित आम्लधर्मी होतं आणि खडकातल्या खनिजांमधलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम सोडवून घेतं. हेच ते शाळेच्या पुस्तकातलं 'दुष्फेन' पाणी.

टीडीएस वेगळं, जडपणा वेगळा

टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले सगळे क्षार. पेनासारखं मीटर तेही थेट मोजत नाही. ते विजेची वाहकता मोजतं आणि ठरावीक गुणकाने गुणून आकडा दाखवतं. ते क्षार कोणते आहेत, हे त्याला कळत नाही.

जडपणा म्हणजे त्यातलं फक्त कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. हलक्या पाण्यात मीठ टाकलं तर टीडीएस ६०० होईल, पण साबणाला फेस येईल आणि गीझरही टिकेल. तेवढाच टीडीएस मुख्यतः कॅल्शियम आणि मॅग्नेशियमच्या बायकार्बोनेटमुळे असेल, तर मात्र घरात सगळीकडे पांढरं दिसायला लागेल. मीटरवर दोन्ही पाणी सारखीच.

जडपणा मोजायला साधं टायट्रेशन लागतं. पाण्यात एक रंगद्रव्य घालतात, वाइनसारखा लाल रंग येतो. मग ईडीटीएचं द्रावण थेंबाथेंबाने घालत जायचं. रंग निळा झाला की थांबायचं आणि किती द्रावण लागलं ते बघायचं. उत्तर 'कॅल्शियम कार्बोनेट, मिलिग्रॅम प्रति लिटर' असं येतं. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक (आयएस १०५००, २०१२) २०० ही स्वीकारार्ह मर्यादा धरतं. दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यायला सांगतं.

घरात नेमकं काय होतं

समजा, जडपणा ४०० आहे. माणशी रोज १३५ लिटर धरले तर चौघांच्या घरात दिवसाला ५४० लिटर पाणी येतं. म्हणजे रोज २१६ ग्रॅम आणि महिन्याला जवळजवळ साडेसहा किलो कॅल्शियम कार्बोनेटइतका जडपणा तुमच्या नळांतून जातो. बहुतेक सगळा गटारात जातो, पण थोडासा घरात राहिला तरी पुरे.

तो राहतो मुख्यतः जिथे पाणी तापतं तिथे. तापल्यावर बायकार्बोनेट मोडतं, कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि चुन्याचा थर बसतो. 'थरामुळे वीजबिल दुप्पट होतं' असं विक्रेते सांगतात, पण विजेच्या गीझरबाबत हे फारसं खरं नाही. कॉइल पाण्यातच बुडालेली असते, त्यामुळे उष्णता शेवटी पाण्यातच जाते. खरा फटका कॉइलला बसतो. थर उष्णता सहज बाहेर जाऊ देत नाही, म्हणून कॉइल आतून जास्त तापते आणि लवकर जळते.

साबणाचं गणित जास्त बोलकं आहे. कॅल्शियम साबणाला धरतं आणि न विरघळणारा चिकट साका तयार होतो. बादलीच्या कडेला आणि टाइल्सवर दिसतो तो हाच. ४०० जडपणाच्या २० लिटरच्या बादलीतलं सगळं कॅल्शियम-मॅग्नेशियम संपवायला तत्त्वतः सुमारे ५० ग्रॅम साबण लागेल, आणि फेस त्यानंतर! कपड्यांच्या डिटर्जंट पावडरला एवढा त्रास होत नाही, कारण ती वेगळ्या रसायनांची असते आणि त्यात जडपणा आवरणारे घटक घातलेले असतात.

डाळीचं कारणही कॅल्शियमच. डाळीच्या पेशी एकमेकींना चिकटवून ठेवणारं पेक्टिन कॅल्शियममुळे आणखी घट्ट होतं. चिमूटभर सोडा घातला की ते सुटतं. आजीचा उपाय रसायनशास्त्राला धरून आहे. (डाळ फार जुनी असेल तरी शिजत नाही, तेव्हा दर वेळी पाण्यावर ढकलू नका.)

आरोग्याचं काय?

जागतिक आरोग्य संघटनेने जडपणासाठी आरोग्यावर आधारित मर्यादा ठरवलेली नाही. नळावरचा थर बघून 'हाच किडनीत बसतो' असं वाटणं साहजिक आहे, पण मुतखडा गीझरसारखा तयार होत नाही. त्यात शरीरात एकूण पाणी किती जातं, आहार आणि आनुवंशिकता यांचा वाटा मोठा असतो. त्वचेबद्दल इंग्लंडमध्ये ३३६ मुलांवर एक चाचणी झाली होती, निष्कर्ष २०११ मध्ये आले. एक्झिमा असलेल्या मुलांच्या घरी १२ आठवडे सॉफ्टनर बसवूनही आजाराच्या तीव्रतेत फरक पडला नाही. केस रखरखीत वाटतात हे खरं, पण टक्कल पडण्याचा दोष पाण्याला देता येत नाही.

बोअरच्या पाण्यात खरी काळजी नायट्रेट आणि जिवाणूंची करायला हवी. ती पांढरा थर सोडत नाहीत, म्हणून कुणी तपासत नाही.

सॉफ्टनर: क्षार जात नाहीत, बदलतात

सॉफ्टनर कॅल्शियम काढून तिथे सोडियम देतो. त्यामुळे सॉफ्टनर बसवल्यावर टीडीएस कमी होत नाही, आणि 'मशीन चालत नाही' म्हणून भांडणं होतात. ४०० जडपणा पूर्ण काढला तर प्रत्येक लिटरमागे सुमारे १८४ मिलिग्रॅम सोडियम वाढतं. रक्तदाबाच्या रुग्णांनी ते पाणी पिण्यासाठी वापरू नये.

आता मिठाचा हिशोब. १०० फ्लॅटच्या सोसायटीत सगळं पाणी, अगदी फ्लशचंही, सॉफ्टनरमधून गेलं तर रोज ५४,००० लिटर. त्यासाठी किमान २५ किलो मीठ, प्रत्यक्षात त्याच्या दुपटीच्या आसपास. म्हणजे रोज एक गोणी. ते मीठ ड्रेनेजमधून सोसायटीच्या एसटीपीत जातं. एसटीपीतले जिवाणू मीठ खात नाहीत. तेच पाणी बागेला घातलं की सोडियममुळे आपल्या काळ्या मातीतली चिकणमाती विस्कटते, माती दगडासारखी होते आणि पाणी मुरत नाही. दोन वर्षांनी 'झाडं का मरतायत' म्हणून माळ्याला बोलणी बसतात.

मग करायचं काय?

- आधी जडपणा मोजा, तोही उन्हाळ्यात आणि पावसाळ्यानंतर असा दोनदा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळांत किंवा मान्यताप्राप्त खासगी लॅबमध्ये होतं. टँकर आणि बोअर वेगवेगळे तपासा.
- सॉफ्टनर घ्यायचाच तर फ्लशची लाइन वगळा. एक तृतीयांश मीठ तिथेच वाचतं. जडपणा शून्यावर आणू नका. थोडं मूळ पाणी मिसळून १०० ते १५० वर ठेवलं तरी पुरतं.
- मॅग्नेटिक यंत्राने जडपणा कमी होत नाही. विकणाऱ्याला आधीचा आणि नंतरचा टायट्रेशनचा रिपोर्ट मागा.
- गीझर ५० ते ५५ अंशांवर ठेवा. थर कमी बसतो.
- शॉवर आणि किटलीसाठी लिंबूसत्त्वाचं कोमट पाणी पुरेसं आहे. बाथरूमचं ॲसिड नळांचा मुलामा खातं. आणि ते ब्लीचमध्ये मिसळलं तर विषारी क्लोरीन वायू निघतो.

सोसायटीच्या पुढच्या मीटिंगमध्ये कोटेशनं येतील तेव्हा एकच प्रश्न विचारा: आपल्या पाण्याचा जडपणा किती आहे? उत्तरात टीडीएसचा आकडा आला, तर सही करायची घाई करू नका.