स्वस्त लॅपटॉपच आधी का संपतो?

आज पापडाच्या ऑर्डरपासून निघून आपण पार तैवानपर्यंत जाणार आहोत. घाबरू नका, वाट ओळखीचीच आहे.

२०२१ सालची गोष्ट. हिशेबासाठी लॅपटॉप घ्यायचा, असा ठराव आम्ही ग्रामसंघात केला. पैसेही बाजूला काढले. चंद्रपूरला एका दुकानात गेलो, तर दुकानदार म्हणाला, "ताई, या किमतीतला माल नाही. महागातला हवा तर आजच न्या." दोन-तीन फेऱ्या झाल्या, उत्तर तेच. ते वर्ष आम्ही वह्यांवरच काढलं. दुकानदार आम्हाला फसवतो, असंच तेव्हा वाटलं. पण गोष्ट त्याच्या हातातली नव्हती.

लॅपटॉप असो की मोबाइल, त्याच्या आत नखाएवढी एक चिप असते. तिला प्रोसेसर म्हणतात. सगळी आकडेमोड तीच करते. लॅपटॉपचे बहुतेक प्रोसेसर इंटेल आणि एएमडी या दोन अमेरिकन कंपन्यांचे असतात. साध्या मोबाइलमध्ये बहुतेक वेळा क्वालकॉम नाही तर मीडियाटेकचा प्रोसेसर असतो.

आता पापडाचा विचार करा. आपल्या गटाकडे दोन ऑर्डर आहेत. एक शहरातल्या दुकानाची, चांगल्या भावाची. दुसरी गावातल्या लग्नाची, कमी भावाची. आणि उडदाची डाळ एकाच ऑर्डरपुरती आहे. आपण आधी कोणती पुरी करू? खरं सांगा, शहराचीच. चिपच्या कंपन्यांनीही तेच केलं.

२०१८ मध्ये इंटेलच्या कारखान्यांना मागणी पुरेना. तेव्हा कंपनीने उघड पत्र काढून सांगितलं की मोठ्या सर्व्हरचे आणि महाग संगणकांचे प्रोसेसर आम्ही आधी देऊ. स्वस्त संगणक मागे पडले. आता ते लग्नघर काय करतं? शेजारच्या गावातल्या गटाकडे जातं. तसेच संगणक बनवणारे एएमडीकडे वळले. एएमडीचा मालही तोवर चांगला झाला होता. २०२१ च्या अखेरीस अशा प्रोसेसरच्या बाजारात तिचा वाटा चौथ्या हिश्श्याच्या जवळपास गेला. बाजारातला वाटा म्हणजे दुसरं काय? शंभर गिऱ्हाइकांपैकी किती आपल्या दारात येतात, तेवढंच.

मग आम्ही गेलो तेव्हा एएमडीचा स्वस्त लॅपटॉप का नव्हता? इथे गिरणी आडवी येते. इंटेलची गिरणी स्वतःची आहे. एएमडी, क्वालकॉम आणि मीडियाटेक मात्र चिपचा नुसता आराखडा करतात. त्यांचं बरंचसं दळण तैवानच्या टीएसएमसी या कंपनीत होतं. म्हणजे गट वेगवेगळे, भाव वेगवेगळे, पण रांग एकाच गिरणीसमोर.

२०२० मध्ये कोरोना आला. शाळा आणि कचेऱ्या घरात आल्या, लॅपटॉपची मागणी एकदम वाढली. गाड्यांच्या कंपन्यांनी आधी चिपच्या ऑर्डर कमी केल्या. पुन्हा मागायला आल्या तोवर त्यांची जागा दुसऱ्यांनी घेतली होती. आपल्या महाराष्ट्रातल्या महिंद्रा कंपनीलाही सप्टेंबर २०२१ मध्ये सुमारे सात दिवस गाड्यांचं उत्पादन बंद ठेवावं लागलं. चिप तयार व्हायला महिने लागतात आणि नवा कारखाना उभा राहायला वर्षं. त्यामुळे पैसे असले तरी माल लगेच वाढत नाही. एएमडीनेही रांगेतली आपली जागा महाग मालासाठी वापरली. तुटवडा पडला तो मुख्यतः स्वस्त लॅपटॉपच्या चिपचा.

मोबाइलचंही तसंच. मुंबईच्या रिलायन्सने स्वस्तातला 'जिओफोन नेक्स्ट' १० सप्टेंबर २०२१ ला, गणेश चतुर्थीला आणायचं जाहीर केलं होतं. त्यात क्वालकॉमचा प्रोसेसर होता. गणपती आले, फोन आला नाही. चाचण्या चालू आहेत आणि जगभर चिपचा तुटवडा आहे, असं कंपनीने सांगितलं. फोन दिवाळीत आला, ६,४९९ रुपयांना. याच काळात मीडियाटेकने स्वस्त आणि मध्यम फोनवर जोर दिला. जगातल्या फोनच्या चिपमध्ये २०२० च्या तिसऱ्या तिमाहीत तिने क्वालकॉमला पहिल्यांदा मागे टाकलं. त्याला इतरही कारणं होती. पण ज्या गिऱ्हाइकाला मोठे 'नंतर या' म्हणतात, त्याला जो सांभाळतो, त्याचा धंदा वाढतो, हेही त्यातून दिसतं.

तर ताईंनो, यातून आपण काय घ्यायचं?

लॅपटॉप घेताना एकाच नावावर अडून बसू नका. हिशेब, अर्ज आणि मीटिंगसाठी इंटेलचा आय-थ्री किंवा एएमडीचा रायझन-थ्री, दोन्ही चालतात. दोन्हींचा भाव विचारा. आगाऊ रक्कम द्यायची तर पावतीवर मॉडेल आणि माल मिळण्याची तारीख लिहून घ्या. जुना लॅपटॉप असेल तर त्यात एसएसडी बसवून, रॅम वाढवून तो आणखी काही वर्षं चालतो का, तेही विचारा. तुटवड्याच्या दिवसांत दुरुस्ती हीच मोठी बचत.

आणि गटाचा धंदा करताना दोन गोष्टी ध्यानात ठेवा. सगळी डाळ एकाच गिरणीवर आणि सगळा माल एकाच व्यापाऱ्यावर सोडू नका. तंगीच्या दिवसांत मोठ्या ऑर्डरसाठी गावातलं लग्न सोडायची वेळ आली, तर निदान थोडे पापड तरी त्या घरी पोचवा. पुढच्या वर्षी त्या घरात आणखी एक लग्न असतं.

आमच्या ग्रामसंघात लॅपटॉप पुढच्या वर्षी आला. वह्या मात्र आम्ही अजून ठेवल्या आहेत.