चष्म्यातले दुकान : आभासी वास्तव आपल्या धंद्याच्या किती कामाचे?

गिऱ्हाईक कपाटाचा नकाशा पाहते, मान डोलावते, बयाणा देऊन जाते. माल घरी पोहोचला की म्हणते, "मला असे वाटले नव्हते." सुतारकाम, फर्निचर, ग्रिल, फॅब्रिकेशन करणाऱ्या आपल्या बांधवांना हे बोल नवे नाहीत. कागदावरचे चित्र आणि प्रत्यक्ष वस्तू यांतील हे अंतर मिटवून टाकू, असे आश्वासन देणारे एक तंत्र जगाच्या बाजारात कित्येक वर्षांपासून उभे आहे. त्याचे नाव व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी, म्हणजेच आभासी वास्तव.

तंत्र समजायला अवघड नाही. डोळ्यांवर एक बंद चष्मा बांधतात. त्यात दोन्ही डोळ्यांना किंचित वेगवेगळी चित्रे दिसतात, त्यामुळे खोली भासते. मान वळवली की यंत्राला ते कळते आणि चित्रही त्याच दिशेने वळते. बदलायला क्षणाचाही उशीर झाला की गरगरते, मळमळते. सगळी मेहनत तो उशीर कमी करण्यातच गेली आहे. अमेरिकेत आयव्हन सदरलँड यांनी १९६८ मध्ये असा चष्मा बनवला, तेव्हा तो इतका जड होता की छताला टांगावा लागे. त्याआधी १९६२ मध्ये मॉर्टन हायलिग यांनी ज्या यंत्राचे पेटंट घेतले, त्यात चित्र, आवाज, वारा आणि वाससुद्धा होता. बाजारात ते चालले नाही. आजच्या चष्म्यांतून वास येत नाही, तेव्हा अत्तराच्या व्यापाऱ्यांनी सध्या निश्चिंत राहावे.

व्यापाराच्या दृष्टीने सर्वांत बोलके उदाहरण जपानचे आहे. १९९० च्या दशकाच्या आरंभी मात्सुशिता इलेक्ट्रिक वर्क्स या कंपनीने टोकियोच्या शिंजुकू भागातील आपल्या शोरूममध्ये आभासी स्वयंपाकघर मांडले. गिऱ्हाइकाने आपल्या घरातील जागेचे माप द्यायचे, कपाटे निवडायची आणि मग चष्मा व तारांचा हातमोजा चढवून अजून न बनलेल्या त्या स्वयंपाकघरात फिरायचे. कपाटाचे दार उघडून पाहायचे, हात पोहोचतो की नाही ते तपासायचे, नळ फिरवायचा. पसंत पडले की ऑर्डर. माल बनण्याआधी तक्रार संपवायची, ही कल्पना कोणत्याही सुताराला पटावी अशीच आहे.

मग हे घरोघरी का गेले नाही? कारण साधे आहे : किंमत. ती सामग्री जॅरन लॅनियर यांच्या व्हीपीएल या अमेरिकन कंपनीची होती आणि पूर्ण संच लाख डॉलरच्या वर जाई. लॅनियर यांनीच 'व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी' हे नाव जगभर रूढ केले, पण त्यांची कंपनी टिकली नाही. तिची पेटंटे १९९८ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने घेतली. खेळण्यांच्या बाजारातही हेच झाले. निन्टेंडोचा 'व्हर्च्युअल बॉय' १९९५ मध्ये आला आणि वर्षभरात गुंडाळला गेला.

दुसरी लाट मोबाईलमुळे आली. मोबाईलसाठी छोटे पडदे आणि हालचाल ओळखणारे सुटे भाग कोट्यवधींनी बनू लागले, तसे ते स्वस्त झाले. ऑक्युलस कंपनीने २०१२ मध्ये लोकांकडून वर्गणी काढून चष्मा बनवायला घेतला आणि २०१४ मध्ये फेसबुकने ती कंपनी सुमारे दोनशे कोटी डॉलरला विकत घेतली. २०२१ मध्ये फेसबुकने आपल्या मूळ कंपनीचे नावही बदलून मेटा केले. सारे जग चष्म्यात बसून खरेदी करील, कचेरी चालवील, असे सांगितले गेले. प्रत्यक्षात मेटाच्या या विभागाला एकट्या २०२३ मध्ये सोळाशे कोटी डॉलरहून अधिक तोटा झाला. अ‍ॅपलने २०२४ मध्ये आणलेल्या चष्म्याची किंमत ३,४९९ डॉलर होती. एवढ्यात एखाद्या छोट्या वर्कशॉपचे बरेचसे यंत्रसाहित्य येते.

म्हणून 'सर्व काही बदलणार' या बोलीवर दुकानदाराने पैसा लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पण हे तंत्र जिथे खरोखर रुजले ती जागा पाहण्यासारखी आहे, आणि ती दुकानाची नव्हे तर शागिर्दीची आहे. अमेरिकेतील लिंकन इलेक्ट्रिक ही वेल्डिंगच्या सामानाची जुनी कंपनी. तिने २००९ पासून वेल्डिंग शिकवण्याचे आभासी यंत्र विकायला सुरुवात केली. शिकणारा खरे हेल्मेट घालतो, हातात होल्डर धरतो, समोर प्लॅस्टिकचा जोड असतो. हेल्मेटच्या आत मात्र त्याला ठिणग्या आणि वितळते लोखंड दिसते. हात किती तिरपा होता, वेग किती, अंतर किती, हे यंत्र लगेच सांगते. रॉड जळत नाही, पत्रा वाया जात नाही, डोळे भाजत नाहीत.

आपल्याकडे पोरगा उस्तादाच्या हाताखाली महिनोन् महिने फक्त पत्रे उचलतो, कारण त्याच्या हाती रॉड देणे म्हणजे नुकसान. ते यंत्र एकट्या वर्कशॉपला परवडणार नाही. पण आपल्या ज्या संस्था तांत्रिक शिक्षण चालवतात, त्यांनी संगणकाच्या खोलीबरोबर याचाही हिशेब मांडून पाहावा. उस्तादाची गरज मात्र संपत नाही. लोखंडाची ऊब आणि वजन चष्म्यात नसते.

फर्निचरवाल्यांसाठी मधला मार्ग आहे. आयकियाने २०१६ मध्ये चष्म्यातून पाहायचे स्वयंपाकघर काढले. त्यात लहान मुलाच्या उंचीवरूनही ओटा पाहता येई, म्हणजे मुलाचा हात कुठे पोहोचतो ते कळे. हीच कंपनी डिसेंबर २०२० पासून नवी मुंबईत आहे, तेव्हा स्पर्धा दारात आली आहे. मोठा खर्च न करता संगणकावर खोलीचे त्रिमिती चित्र काढून घ्यावे आणि ते मोबाईलवर फिरवून गिऱ्हाइकाला दाखवावे. चष्म्याशिवायही निम्म्याहून अधिक काम होते.

इथे एक नाजूक मुद्दा येतो. हनफी फिकहमध्ये न पाहिलेली वस्तू घेणाऱ्याला 'खियार-ए-रूयत' आहे, म्हणजे माल पाहिल्यावर सौदा मोडण्याचा हक्क. कोकणातील आपले बांधव बहुतेक शाफई आहेत आणि त्या मसलकात न पाहिलेल्या वस्तूच्या विक्रीबाबत अधिक सक्ती आहे. चष्म्यातून पाहिले ते 'पाहिले' धरायचे का, हे उलेमांनी सांगावे. ऑर्डरीने वस्तू बनवून घेण्याचा सौदा, म्हणजे इस्तिस्ना, याबाबत उस्मानी काळच्या 'मजल्ला'तील कलम ३९२ कारागिराने लक्षात ठेवण्यासारखे आहे. सौदा ठरल्यावर कोणीही मागे फिरू शकत नाही, पण माल ठरलेल्या वर्णनाबरहुकूम नसेल तर गिऱ्हाईक तो नाकारू शकते. आता हे चित्रच वर्णन ठरणार. चित्रात सागवानाची लकाकी आणि दुकानात प्लायवूड असेल, तर बयाणा परत मागायला गिऱ्हाइकाला तेच चित्र पुरेसे आहे. म्हणून चित्रासोबत लाकडाचा नमुना हातात द्यावा, आणि माप, जात, पॉलिश हे बिलाच्या मागे लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात.