कोजागरीचा जागर आणि घरातले खेळ

आश्विन पौर्णिमेच्या व्रतात लक्ष्मीपूजनाइतकेच जागरणाला महत्त्व आहे, आणि जागरणासाठी अक्षक्रीडा, म्हणजे फाशांचा खेळ, सांगितला आहे. ‘को जागर्ति’, कोण जागे आहे, असे विचारत लक्ष्मी त्या रात्री फिरते अशी श्रद्धा. पंधरवड्याने येणाऱ्या बलिप्रतिपदेलाही द्यूतप्रतिपदा हे दुसरे नाव आहे. चार माणसे घरी बोलावून रात्री खेळायला बसणे मराठी घराला म्हणूनच नवे नाही. फासे मागे पडले, पत्ते आले, कॅरम आला, तांबोला आला. मसाला दूध मात्र आटतच राहिले.

निपाणीत या बैठकीला सीमाभागाचा रंग चढतो. पुणे-बंगळूर महामार्गावरच्या या गावापासून कोल्हापूर सुमारे ४० किलोमीटर आणि बेळगाव सुमारे ७५. त्यामुळे एकाच सतरंजीवर कोल्हापूरची आत्या, बेळगावचे मामा आणि शेजारचे कन्नड बोलणारे कुटुंब बसलेले असते. पत्ते सगळ्यांनाच येतात, पण प्रत्येकजण आपापल्या घरचे नियम घेऊन आलेला असतो. बैठक रंगते की रुसव्याफुगव्यांत मोडते, हे खेळापेक्षा या नियमांवरच जास्त ठरते. म्हणून पहिले पान पडण्याआधी नियम मोठ्याने सांगून सर्वांची मान्यता घेणे हे यजमानाचे पहिले काम.

मेंढीकोटापासून सुरुवात केली की ही गरज लगेच कळते. चार भिडू, समोरासमोर बसलेल्या दोन जोड्या, ५२ पाने, प्रत्येकाच्या हाती १३. दश्शीला ‘मेंढी’ म्हणायचे. चारपैकी तीन मेंढ्या ज्यांच्याकडे, डाव त्यांचा. दोन-दोन झाल्या तर ज्यांचे हात ७ किंवा अधिक ते जिंकले. चारही मेंढ्या एकाच बाजूला गेल्या की समोरच्यांवर कोट चढला. सगळे १३ हात एकाच जोडीने घेतले तर तो सर्वांत मोठा विजय. इथपर्यंत मतभेद नसतो. वाद निघतो तो हुकमावरून. काही घरांत एक भिडू आधीच एक पान पालथे ठेवून हुकूम बंद करतो आणि कुणीतरी मागेपर्यंत तो उघडत नाही. काही घरांत, पहिल्यांदा ज्याच्याकडे उतारीचा रंग नसेल त्याने टाकलेल्या पानाचाच रंग हुकूम होतो. दोन्ही पद्धती खऱ्याच. पण पहिलीत आठवण आणि अंदाज लागतो, दुसरीत नशिबाला जागा जास्त. थोरली मंडळी जमली असतील तर बंद हुकूम अधिक रंगतो. बंद हुकमात मेंढी वाचवायची धडपड पाहण्यासाठी खेळत नसलेलेही पाठीमागे येऊन बसतात. अशा वेळी पाहणाऱ्याने खाणाखुणा करायच्या नाहीत, हाही नियम आधीच सांगून ठेवावा.

पोरांना मेंढीकोटात बसवू नये. ती कंटाळतात आणि मोठ्यांचे लक्ष मोडते. त्यांच्यासाठी बदाम सात आणि गुलामचोर. बदामची सत्ती पडते, मग तिच्या दोन्ही अंगांनी रंग वाढत जातो, आणि सहा-सात वर्षांचे मूलसुद्धा एका डावात क्रम शिकते. गुलामचोरात एक गुलाम गड्डीतून काढून टाकतात. बाकी सगळ्या पानांच्या जोड्या लागतात आणि बिनजोडीचा गुलाम ज्याच्या हाती उरतो तो चोर. आजीच्या हातात तो गुलाम उरला की पोरांचा आनंद गगनात मावत नाही.

कन्नड शेजाऱ्यांबरोबर सर्वांत सहज जमतो तो चौकाभारा. त्यांच्या बोलीतही तो चौकाबाराच, त्यामुळे दुभाषी लागत नाही. फरशीवर खडूने पाच बाय पाच अशी २५ घरे आखायची आणि चारही बाजूंच्या मधल्या घरांवर फुल्या मारायच्या. या फुल्यांवरच्या सोंगटीला कोणी मारू शकत नाही. प्रत्येकाच्या चार सोंगट्या बाहेरच्या १६ घरांची फेरी पुरी करून आतल्या ८ घरांत वळतात आणि शेवटी मधल्या घरात जातात. चार कवड्या टाकायच्या: चारही उताण्या पडल्या तर चौका, म्हणजे ४, चारही पालथ्या पडल्या तर भारा, म्हणजे ८, आणि या दोन्हींना आणखी एकदा टाकायची संधी. एक तरी सोंगटी मारल्याशिवाय आत वळता येत नाही, हा नियम बहुतेक ठिकाणी पाळतात, आणि खेळाची सगळी चुरस त्यातच आहे. कवड्या नसतील तर चिंचोके एका बाजूने घासून पांढरे करतात. काम तेच होते.

माणसे पंधराच्या वर गेली की तांबोल्याला पर्याय नाही. १ ते ९० आकडे, एका तिकिटावर तीन ओळी, प्रत्येक ओळीत ५ आणि एकूण १५ आकडे. सीमाभागात आकडा मराठीत आणि कन्नडमध्ये असा दोनदा पुकारावा. याला एक चांगले कारण आहे. मराठीत एकम आधी येते, आणि ‘एकोणऐंशी’त तर ऐंशीचे नाव असूनही आकडा ७९ असतो, इंग्रजी शाळेतली मुले इथेच चुकतात. कन्नडमध्ये ‘एप्पत्तोंबत्तु’, म्हणजे सत्तर आणि नऊ, असे सरळ सांगतात. एका रात्रीत दोन्ही भाषांचे आकडे मुलांच्या कानावरून जातात, हे काही थोडे नव्हे. पैसे मात्र लावू नयेत. बक्षीस म्हणून वही, पेन्सिल, बेळगावच्या कुंद्याची वडी पुरते.

कॅरम असेल तर तो कोपऱ्यात, नीट प्रकाशात, भिडूंच्या कोपरांना मोकळी जागा राहील असा मांडावा. बोर्ड चांगला सपाट असला की मुलांना दुसरे काही लागत नाही.

खाणे पानांना चिकटणार नाही असे असावे. भडंग कोरडे म्हणून चांगले, भजी तेलकट म्हणून मधल्या सुट्टीत. दूध गच्चीवर चंद्राखाली ठेवून बारानंतर वाटायचे असल्याने डाव त्याआधी थांबतो. अर्धवट डाव असेल तर गुण कागदावर लिहून ठेवावेत.

आवरताना पाने ५२ आणि कॅरमच्या सोंगट्या राणीसह १९ मोजून डब्यात घालाव्यात. एखादे पान हरवलेच, तर जोकरवर त्याचे नाव लिहून गड्डी पुरी करतात.